ब्लॉग काढायचाय, पण नेमका कशावर? जाणकारांनी कान धरावा

धुऱ्यावरचा
राम राम मंडळी. वर्षभर नुसताच वाचून राह्यलो होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातला. बीएस्सी झालं, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली, मग बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तसा परत आलो, आता साडेसात एकर वावर आणि मी. पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, थोडं सोयाबीन. संध्याकाळी वेळ असतो, लाईन असली तर. लिहायची हौस कॉलेजपासूनच आहे म्हणून ब्लॉग सुरू करायचा म्हणतो. नाव ठरलं, वरचं चित्र बनवून झालं, फक्त लिहायचं राह्यलं.

विषय असे काढलेत: कापूस-सोयाबीन, कविता, गावातलं राजकारण, वऱ्हाडी खाणं, पुण्यातले दिवस, क्रिकेट, वाचलेली पुस्तकं, आजीच्या गोष्टी, सरकारी योजना (हे कमी, बोर होते), मोबाईल रिव्ह्यू, आणि संत्र्याच्या बागा. आमच्याकडं संत्रा नाही पण मामाकडं वरुडला आहे.

प्रश्न असा की सुरुवात कशी करू, आठवड्यात किती लिहू आणि लोकांनी परत परत यावं म्हणून काय करावं?

ठेचा_भाकर
अकरा विषय! भाऊ, ब्लॉग हाये का बुधवारचा बजार? एका पालात भाजी, दुसऱ्यात चपला, तिसऱ्यात बांगड्या.

वर्धा_पॅसेंजर
हसू नका त्याला, मी हेच केलंय. २०११ मध्ये माझा ब्लॉग होता, नावातच "सर्व काही" असा अर्थ होता. पहिल्या महिन्यात अठरा पोस्टी, दुसऱ्यात नऊ, तिसऱ्यात दोन. शेवटची पोस्ट आमच्या हिंगणघाटच्या कापूस बाजारावर होती आणि तिच्याखाली लिहिलेलं आहे "भाग २ लवकरच". ते लवकरच अजून यायचंय. मुलगी आता आठवीत आहे, ती तेव्हा व्हायची होती.

का बंद पडला ते नंतर समजलं. दर वेळी लिहायला बसलो की आधी अर्धा तास आज कशावर लिहू यातच जायचा. रोज नवीन वावर नांगरायचं आणि पेरायचं कुठंच नाही अशातला प्रकार. आणि वाचणारा तरी का येईल, कापसाचं वाचून गेलेला माणूस दुसऱ्यांदा आला तर त्याला माझी कविता दिसायची, बिचारा परत कशाला येतो.

झिंगाबाई
मराठीत मेलेले ब्लॉग मोजायला बसलं तर निम्म्यांची शेवटची ओळ "भाग २ लवकरच" हीच निघेल :)

स्टँडवरचा_चहा
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. आता ब्लॉग वाचतं कोण? गावात सगळे व्हिडिओ पाहून राह्यले. आमचा सालदार अक्षर न वाचता दिवसभर रीळ पाहतो. कॅमेरा घे, वावरात उभा राह्य, बोल. हजार लोक पाहतील.

वर्धा_पॅसेंजर
@स्टँडवरचा_चहा, पाहतील ना, खरं आहे. पण मागच्या हंगामात सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर कापूस नेण्याआधी मला ओलाव्याचं पाहायचं होतं, तर एका भाऊंचा चौदा मिनिटांचा व्हिडिओ, त्यात पहिली चार मिनिटं सबस्क्राईब करा, मग गाणं, मग बोलला की ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये कपात, १२ च्या वर घेत नाहीत. एक ओळ होती. लिहिलेली असती तर बंडी जुंपता जुंपता वाचली असती.

तळ्याकाठी
मी भंडाऱ्याकडचा, झाडीपट्टीतला. माझा ब्लॉग चालू आहे, चार वर्षं झाली, पोस्टी फक्त एकतीस. तरी सांगतो कारण कामाचं वाटेल.

आमच्याकडं मामा तलाव असतात. बाहेरच्यांना वाटतं कोण्या मामानं खोदले, पण ते माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि नावाला माजी लागलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली चारही जिल्ह्यांत आहेत, बरेचसे कोहळी लोकांच्या हातचे. मी ठरवलं की फक्त माझ्या तालुक्यातले तलाव, एक तलाव एक पोस्ट. आणि प्रत्येक ठिकाणी तेच पाच प्रश्न: कोणी बांधला म्हणतात, ओलीत किती होतं, गाळ शेवटचा कधी काढला, मासे कोणते आणि कोण धरतं, आणि तलावाची कोणती गोष्ट गावात सांगतात.

ह्या पाच प्रश्नांमुळं माझा जीव वाचला. घरून निघतानाच अर्धी पोस्ट लिहून झालेली असते. सुरुवातीला मलाही वाटलं एवढ्याशा विषयावर काय लिहिशील, दहा पोस्टीत संपेल, तर उलटं झालं, एका तलावाला गेलो की तिथला म्हातारा आणखी दोन तलाव सांगतो. विषय लहान केला की तो आत खोल जातो. आठवड्यात किती लिहू विचारतोस, मी दीड महिन्यात एक लिहितो. माझे वाचक जास्तीत जास्त दोनशे, पण त्यातले तीन पाटबंधारेवाले आहेत आणि एक बाई मासेमार सोसायटीच्या आहेत, त्या माझ्या चुका काढतात. अजून काय पाह्यजे.

ठेचा_भाकर
ते सगळं ठीक पण मामाच्या संत्र्याचं काय झालं, आंबिया बहार उतरला का? दोन क्रेट पाठव म्हणाव, मंग सल्ला देतो.

धुऱ्यावरचा
मामाचा आंबिया औंदा गळाला, तो स्वतःच रडून राह्यला.

तळ्याकाठी काका, तुमचं पटलं. पण आमच्या गावात तलाव नाही, किल्ला नाही, यात्रा नाही. एक मारुतीचं देऊळ, एक बंद पडलेली जिनिंग आणि चार पानठेले. मी कशावर लिहू? आणि खरं सांगतो, मला कविता लिहायच्या आहेत.

मास्तर_निवृत्त
कविता अवश्य लिहाव्यात. वहीत.

(रागवू नकोस बाळा, सदतीस वर्षं पोरांच्या कविता तपासल्या आहेत.)

माझ्याकडून एकच सूचना, तांत्रिक आहे. जे काही लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा. मी आमच्या पंचक्रोशीतल्या म्हणी आणि वाक्प्रचार गोळा केले, दोनशेवर पानं, सगळं कृतिदेव या जुन्या फॉन्टात टंकित. नातवानं ते ब्लॉगवर चिकटवलं तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा उमटला. रूपांतर करता येतं पण रफार आणि जोडाक्षरं इकडची तिकडं होतात, हातानं तपासावं लागतं. अजून साठ पानं बाकी आहेत. आणि जे कृतिदेवात आहे ते गुगलला सापडतच नाही, म्हणजे असून नसल्यासारखं.

स्टँडवरचा_चहा
मास्तर, कृतिदेवानं आमच्या चुलतभावाच्या लग्नपत्रिकेत "शुभाशीर्वाद"चं काय केलं ते इथं लिहिता येत नाही.

अंबाडी
मी बचत गटाचं काम पाहते, आर्वीकडं. सगळं वाचलं. तुम्ही सगळे त्याला विचारून राह्यले की तुला काय लिहायचंय. माझा प्रश्न वेगळा आहे.

भाऊ, लोक तुला काय विचारतात? तुझा फोन उघड, मागच्या महिन्याभरात गावातल्या लोकांनी, सोयऱ्यांनी तुला काय काय विचारलं ते खाली मोज. कागदावर रेघा मार. तू ज्याला बोर म्हणतोस तेच बहुतेक निघेल. मग इथं येऊन खरं खरं सांग.

झिंगाबाई
ताई म्हणजे थेट ऑडिट.

धुऱ्यावरचा
दोन दिवसांनी आलो. अंबाडीताई, मोजलं. आधी लाज वाटली मग हसू आलं.

महिन्याभरात त्रेसष्ट लोकांनी काही ना काही विचारलं. कविता कोणी मागितली नाही (एकानं वाढदिवसासाठी चारोळी मागितली, ती धरत नाही). मोबाईल कोणता घेऊ असं चौघांनी. फवारणी कोणती मारू नऊ जणांनी. आणि बाकी पन्नास जणांनी फॉर्मच्या भानगडी. ई-पीक पाहणी (वावरातल्या पिकाची ॲपवरची नोंद) होत नाही, शेतकरी ओळख क्रमांक काढायचा, पीएम किसानचा हप्ता अडकला केवायसी करून दे, महाडीबीटी पोर्टलवर स्प्रिंकलरचा अर्ज, सातबाऱ्यावर आजोबाचंच नाव आहे, कापसासाठी सीसीआयच्या त्या कपास किसान ॲपवर नोंदणी कर. एका काकानं तर रात्री पावणेबाराला फोन केला की ओटीपी आला, कोणाला सांगू. म्हटलं कोणालेच नका सांगू, झोपा.

म्हणजे गावासाठी मी लेखकबिखक कोणी नाही, फॉर्मवाला पोट्टा आहे. पण हे काय लिहायचं असते का? ह्याच्यात साहित्य कुठं आहे?

ठेचा_भाकर
पावणेबाराच्या ओटीपीत हाये ना साहित्य.

वर्धा_पॅसेंजर
सापडलं तुझं वावर. आता एकच वाक्य लिही आणि लॅपटॉपच्या वर चिकटव: हा ब्लॉग कोणासाठी आणि तो वाचून त्या माणसाचं कोणतं काम होईल. "शेतकऱ्यांना माहिती मिळावी" असं लिहिलं तर फाडून टाक, त्यात काहीच नाही. "तहसीलच्या दोन चकरा वाचाव्या" असं लिही. मग कोणतीही पोस्ट लिहिली की वाक्याकडं पाहायचं, चकरा वाचतात का? नसतील वाचत तर ती पोस्ट मास्तरांच्या वहीत.

नवतरुण_मंडळ
मला नाही पटलं. हा ब्लॉग कुठं झाला, ही तर सेतू केंद्राच्या बाहेरची पाटी झाली. ब्लॉग म्हणजे माणसाचा आवाज पाह्यजे. माहितीच पाह्यजे तर सरकारची वेबसाईट आहे.

अंबाडी
सरकारच्या वेबसाईटवरचं वाचून पाहा एकदा आणि सांगा काय समजलं ते.

आणि अजून एक, वाचक कोण ते नीट धरा. आमच्या गटात एकवीस बाया आहेत, सात जणींच्या नावावर वावर आहे, त्यातल्या पाच जणींचा आधारला जोडलेला नंबर पोराच्या खिशात असतो आणि पोरगा चाकणला. फॉर्म भरते कोण, तर घरातली नववी-दहावीतली पोरगी. तिला फोन समजतो पण फेरफार, म्हणजे वावराच्या मालकीतल्या बदलाची नोंद, ते माहीत नाही, आणि तिच्या आईला फेरफार माहीत आहे पण फोन समजत नाही. तुझा वाचक ती पोरगी आहे. "शेतकरी बांधवांनो" करून सुरुवात केलीस की ती तिथंच बंद करेल.

तळ्याकाठी
ताईंचं लाख मोलाचं. वाचक एकच डोळ्यासमोर ठेवायचा. मी माझ्या आत्तेभावाला समोर ठेवून लिहितो, तो मत्स्य विभागातून रिटायर झाला.

माहितीचा_अधिकार
एक धोका सांगतो. योजनांचं लिखाण दुधासारखं आहे, नासतं. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला, हजार लोकांनी त्यावर लिहिलं, २०२५ च्या खरिपापासून तो एक रुपया बंद झाला आणि शेतकऱ्याला परत हप्ता भरावा लागला. तसंच आधी नुकसान झालं की ७२ तासांत कळवा हे सगळ्यांना पाठ होतं, २०२५ च्या खरिपात भरपाई पीक कापणी प्रयोगावर आणली, म्हणजे काही वावरांतलं पीक कापून उतारा मोजतात त्यावर. पण ७२ तासवाले लेख अजून नेटवर तसेच पडून आहेत. आमच्या शेजारच्यानं तसलंच वाचून पावसात वावरातून तक्रार टाकत बसला, उपयोग शून्य.

म्हणून प्रत्येक पोस्टच्या पहिल्या ओळीत तारीख टाक, "अमुक दिवशी मी स्वतः करून पाह्यलं". नियम बदलला की नवीन पोस्ट लिहू नको, जुनीच दुरुस्त कर, नाहीतर दोन पोस्टी दोन सांगतील. आणि चाळीस पोस्टी सांभाळणं तुझ्या एकट्याच्यानं होणार नाही, पंधराच ठेव.

निंबोणी
आणि दुसऱ्याचा सातबारा, आधार, बँक पासबुक स्क्रीनशॉटमध्ये दिसू देऊ नको. नाव, गट नंबर, सगळ्यावर काळी पट्टी मार. माझ्या ओळखीत एकानं नमुना म्हणून काकाचाच उतारा टाकला आणि भावकीत भांडण पेटलं, कारण त्यावर बँकेचा बोजा दिसत होता.

फवारणीचं नऊ जणांनी विचारलं म्हणतोस, त्याच्यावर मात्र अंदाजानं प्रमाण लिहू नको. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, ते आपण विसरलो नाही. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण कसा वाचायचा एवढं लिही फार तर, लाल म्हणजे सगळ्यात जहाल. बाकी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीकडं बोट दाखव.

धुऱ्यावरचा
फवारणी काढून टाकली यादीतून. एक शंका, भाषा कोणती ठेवू? वऱ्हाडीत लिहिलं तर आपुलकी वाटते.

मास्तर_निवृत्त
प्रमाण मराठीत लिहा. सूचना असंदिग्ध हव्यात.

ठेचा_भाकर
मास्तर, माह्या मायले "शेतजमीन" म्हटलं का ते इचारते कोणाची? "वावर" म्हटलं का लगेच समजते. पटवाऱ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी केलं म्हणते, गावात जाऊन इचारा बरं ग्राम महसूल अधिकारी कुठी बसते. लोक म्हणतीन असा कोणी माणूस आमच्या गावात राहत नाई.

मास्तर_निवृत्त
हे मान्य. पण ॲपमध्ये बटणावर जे छापलेलं आहे तेच लिहावं लागेल, तिथं "वावर" नाही.

वर्धा_पॅसेंजर
दोघांचंही बरोबर. बटणाचं नाव ॲपमधलं, बाकी बोलणं घरचं. आणि शीर्षक मात्र लोक जसं विचारतात तसंच्या तसं. "ई-पीक पाहणी: एक दृष्टिक्षेप" असं काही ठेवू नको. "पीक पाहणी केली पण सातबाऱ्यावर पीक दिसत नाही" असं ठेव. लोक गुगलवर असंच टाकतात, अर्धे तर माईकवर बोलतात.

स्टँडवरचा_चहा
पैसे मिळतात का पण ह्याचे? जाहिरातींचे?

झिंगाबाई
मी लावल्या होत्या जाहिराती, रेसिपीच्या ब्लॉगवर. १० डॉलर झाले की गुगल घरच्या पत्त्यावर पिनचं पत्र पाठवतं, ते टाकलं की पत्ता पक्का, मग १०० डॉलर साचले की पैसे. माझं पत्र आमच्या पोस्टमनकाकांनी परदेशातून आलं म्हणून उघडपणे साऱ्या गल्लीला दाखवत आणलं, सासूबाईंना वाटलं मी नोकरीला चालले. १०० डॉलर व्हायला अडीच वर्षं लागली. तेवढ्यात जितकी अंबाडीची भाजी शिजवून फोटो काढले त्याचा गॅसपण निघाला नाही.

ठेचा_भाकर
अंबाडीची भाजी म्हटलं का ज्वारीच्या कण्या टाकून का बिनकण्याची? हे आधी क्लिअर करा.

झिंगाबाई
कण्या टाकूनच. आणि वरून लसणाची फोडणी. बिनकण्याची खाणाऱ्यांशी मी बोलत नाही.

अंबाडी
माझ्या नावावरून विषय भरकटला :) चला परत.

नवतरुण_मंडळ
मी अजून माझ्या मतावर आहे. हा पोरगा सहा महिन्यांत कंटाळेल. त्याच्यात लिहिणारा माणूस आहे, तुम्ही त्याचा कारकून करून राह्यले.

तळ्याकाठी
ह्या शंकेत दम आहे. म्हणून एक खिडकी उघडी ठेव. माझ्याकडं पाचवा प्रश्न गोष्टीचा आहे ना, तो मी माझ्यासाठी ठेवलाय. तिथं मी पाहिजे तसा लिहितो. बाकीचे चार लोकांसाठी.

धुऱ्यावरचा
आठ दिवस झाले. रात्रपाळीची लाईन होती, ओलीत करता करता धुऱ्यावर बसून मोबाईलवर बरंच ठरवलं. टाकतो इथं, चुका काढा.

नाव बदललं, चित्र काढून टाकलं (तीन दिवस घातले होते त्या चित्रात, दुखलं थोडं). ब्लॉगरवरच करतो, फुकट आहे आणि १९९९ पासून टिकून आहे. चिकटवलेलं वाक्य: "दहावीतल्या पोरीनं हे वाचून आईचा फॉर्म स्वतः भरावा, तहसीलला जायचं काम पडू नये." आमच्या शेजारची एक पोरगी आहे, प्रत्येक पोस्ट आधी तिच्या हातात देणार आणि काही न बोलता बाजूला बसणार, जिथं अडकेल तिथं पोस्ट चुकली असं समजणार. पहिली देऊन पाह्यली. तिसऱ्याच ओळीत अडकली. मी लिहिलं होतं "गट क्रमांक निवडा", तिनं विचारलं दादा आमचा गट म्हणजे बचत गट का?

पंधराच पोस्टी. दहा लिहून होत नाहीत तोवर कोणाला लिंक द्यायची नाही. वेळापत्रक आठवड्यावर नाही, हंगामावर लावलं, जून-जुलैत विमा, पेरणीनंतर पीक पाहणी, कापूस फुटायच्या आधी सीसीआयची नोंदणी, उन्हाळ्यात वारस आणि फेरफार कारण तेव्हा लोकांना वेळ असतो. ज्या महिन्यात काही नाही त्या महिन्यात काही लिहायचं नाही, जुन्या पोस्टी तपासायच्या. हमीभाव वगैरे ताजी बातमी टाकणार नाही, २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाला ८११० जाहीर झाला होता, असलं सगळ्यांना पोचलेलंच असते, माझ्याकडून काही वाढत नाही.

आणि नवतरुण भाऊ, तुमच्यासाठी: प्रत्येक पोस्टच्या खाली चार-पाच ओळी, तो फॉर्म भरताना काय झालं ते. पहिली ओटीपीवाल्या काकावर लिहिली. काकाला वाचून दाखवली, तो म्हणे माझं वय दोन वर्षांनी कमी लिही.

नवतरुण_मंडळ
हे चालते. काकाचं वाचायला येईन मी.

माहितीचा_अधिकार
तारीख वर टाकतोयस ना?

धुऱ्यावरचा
पहिलीच ओळ.

पोळ्याचा_बैल
नमस्कार, आताच धागा पाह्यला, वरचं सगळं वाचलं नाही. धुऱ्यावरचा भाऊ, तुम्हाला फॉर्मचं समजते असं दिसते म्हणून विचारतो. बाबाच्या वावरात उभं राहूनच पीक पाहणीचा फोटो काढला, तरी ॲप म्हणते तुम्ही गटाच्या बाहेर आहात. लोकेशन चालू आहे. काय करावं?

ठेचा_भाकर
चौसष्ट.